फुगडी, मोळी आणि दुधाची पिशवी: प्लास्टिक आतून कसं असतं

दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवा आणि तिची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. दोन्ही टोकं चिमटीत धरून सावकाश ओढा. सुरुवातीला पट्टी अडून बसते. मग एका क्षणी ती हार मानल्यासारखी सैल पडते, मधला भाग अरुंद होतो आणि ती लांबतच जाते. आणखी ओढलीत की पुन्हा ताठर होते आणि बोटांना काचू लागते. आता एक मेणबत्ती घ्या आणि तीही अशीच ओढून बघा. ती लांबत नाही. जोर वाढवला की कट्कन मोडते.

मेण आणि ही पिशवी यांची कुळी मात्र एकच आहे. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजन, तिसरं काही नाही. दोन्हींची रचनाही तीच: कार्बनच्या अणूंची माळ आणि प्रत्येक कार्बनला चिकटलेले दोन हायड्रोजन. मग एक मोडतं आणि दुसरं ताणलं जातं, हे का? या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, तर प्लास्टिकबद्दलच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. प्लास्टिकवर आपण रोज बोलतो, बहुतेक वेळा चिडून, पण ते आतून कसं असतं हे फार थोड्यांना कोणी सांगितलेलं असतं. शाळेत ‘बहुवारिक’ हा शब्द पाठ करून घेतला जातो आणि पुढचा धडा सुरू होतो. मला ही मोठी हानी वाटते, कारण विषय खरोखर सुंदर आहे.

माळेत कार्बन किती, यावर सगळं अवलंबून आहे. एकच कार्बन असेल तर तो मिथेन, गोबरगॅसमधला वायू. तीन-चार असतील तर प्रोपेन आणि ब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस. पाचापासून साधारण बारापर्यंत गेलात की पेट्रोल. त्यापुढे रॉकेल, डिझेल, वंगणाचं तेल. वीस ते चाळीसच्या आसपास मेण. आणि माळ हजारो कार्बनांची झाली की पॉलिथीन. घटक बदललेला नाही, फक्त लांबी वाढत गेली आणि वायूचा द्रव झाला, द्रवाचा मेणचट घन आणि शेवटी चिवट पिशवी.

याचं कारण असं. दोन शेजारच्या माळांमध्ये अगदी क्षीण ओढ असते. एका कडीपुरती ती नगण्य, पण कड्या जितक्या जास्त तितकी तिची बेरीज मोठी. म्हणून लहान माळा मोकळ्या उडत फिरतात आणि लांब माळा एकमेकींना धरून बसतात. लांबी आणखी वाढली की दुसरी गोष्ट घडते: माळा एकमेकींत गुंततात. शिजवलेल्या लांब शेवयांत काटा घालून उचला, अख्खा गुंता वर येतो. त्याच शेवया शिजवण्याआधी चुरून बारीक केल्या तर काट्यावर चार तुकडे येतात, बाकी सगळं भांड्यातच. मेण म्हणजे चुरलेल्या शेवया. त्यांना गुंतायला लांबीच नाही, म्हणून ताण आला की सुटतात. पॉलिथीनमध्ये मात्र ओढलेली माळ शेजारच्या दहा माळांना सोबत ओढत नेते.

ही लांबी किती, याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. दहा हजार कार्बनांची माळ धरा आणि ती सरळ केली असं समजा. आता तिला एक कोटी पट मोठं करा. ती कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी जाड होईल आणि सुमारे तेरा मीटर लांब. पिशवीत अशा अगणित दोऱ्या एकमेकींतून वळसे घेत पडलेल्या आहेत. याहून कितीतरी लांब माळाही बनवता येतात. गुडघ्याचा सांधा बदलतात तेव्हा धातूच्या दोन भागांमध्ये एक पांढरी चकती बसवतात. तीही पॉलिथीनच असते, फक्त तिच्या माळेत लाखो कार्बन असतात. आपल्या दोरीच्या हिशेबात ती तीनशे मीटरांच्या पुढे जाते. पिशवी नखाने फाटते आणि ती चकती माणसाचं वजन पेलत वर्षानुवर्षं घासली जाते. आजीच्या गुडघ्यात आणि दुधाच्या पिशवीत रेणूची जात एकच, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

एवढी लांब माळ ओवायची कशी? त्यासाठी फुगडी आठवा. कार्बनला चार हात असतात असं समजतात. इथिलीन या वायूत दोन कार्बन एकमेकांचे दोन-दोन हात धरून उभे असतात, फुगडी घालणाऱ्या दोघींसारखे. उरलेल्या हातांत हायड्रोजन. आता या घोळक्यात कोणीतरी एक हात मोकळा असलेली, जोडीदारासाठी अधीर अशी घुसली. ती जवळच्या जोडीतल्या एकीचा हात धरते. त्या जोडीची एक पकड सुटते, दुसरीचा एक हात मोकळा होतो, आणि ती पुढच्या जोडीकडे हात टाकते. तिथली पकड सुटते, तिथून पुढे. एका क्षणात फुगड्या मोडून हातात हात धरलेल्यांची लांबच लांब रांग तयार होते. सुरुवात करून देणाऱ्या त्या पहिलीला प्रारंभक म्हणतात. वायूचा प्रत्येक सुटा रेणू म्हणजे एकवारिक, आणि रांग म्हणजे बहुवारिक. दोन रांगांची मोकळी टोकं योगायोगाने भेटली की एकमेकांचे हात धरतात आणि वाढ थांबते. हे कधी घडेल ते ठरलेलं नसतं, म्हणून एकाच भांड्यात काही माळा आखूड राहतात, काही खूप लांबतात. पाण्याचे सगळे रेणू सारखे, साखरेचे सारखे. प्लास्टिकचं तसं नाही. त्याच्या रेणूंची लांबी नेहमी सरासरीतच सांगावी लागते.

पॉलिथीन सापडलं तेही चुकूनच. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीची प्रयोगशाळा होती. २७ मार्च १९३३ ला तिथे एरिक फॉसेट आणि रेजिनल्ड गिब्सन यांना पात्रात पांढरा मेणचट थर दिसला. इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांचा प्रचंड दाबाखाली संयोग घडवायचा त्यांचा बेत होता. तो साधला नाही, आणि पात्राला चिकटलेला थर मात्र पॉलिथीनचा निघाला. पुन्हा करायला गेले तर प्रयोग कधी जमे, कधी फसे, एकदा तर स्फोट झाला. १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी तो हमखास जमेल असा बसवला आणि पुढे गुपित कळलं: वायूत अगदी किंचित ऑक्सिजन मिसळलेला असेल तरच रांग सुरू होत होती. फुगडीत घुसणारी ती पहिली, तिची सोय तोच करत होता. दुसऱ्या महायुद्धात हे पॉलिथीन रडारच्या तारांवरचं आवरण म्हणून वापरलं गेलं. पिशव्या फार नंतरच्या.

इतके लांब रेणू असू शकतात हे मान्य व्हायलाच वेळ लागला होता. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२० मध्ये तसं मांडलं, तेव्हा भल्याभल्यांनी विरोध केला. रबर आणि स्टार्च म्हणजे लहान रेणूंचे नुसते पुंजके, असं तेव्हाचं मत होतं. श्टाउडिंगर हटले नाहीत. त्यांना नोबेल मिळालं १९५३ मध्ये, वय बहात्तर असताना.

खरं तर माळा निसर्गाच्याच. भातातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजची माळ आणि कापसाचा धागा म्हणजेही ग्लुकोजची माळ. फरक फक्त दोन कड्या कोणत्या कोनात जोडल्या आहेत एवढाच. त्या कोनामुळे भात पचतो आणि धोतर पचत नाही. रेशीम, लोकर, आपले स्नायू, आपला डीएनए, सगळी बहुवारिकंच.

आता लांबीनंतरची दुसरी गोष्ट, आकार. उच्च दाबाखाली बनलेल्या पॉलिथीनच्या माळेला जागोजागी फांद्या फुटतात. सरळ काटक्यांची मोळी करकचून बांधता येते, पण बाभळीच्या फांद्यांची बांधून बघा, कितीही आवळलीत तरी मध्ये पोकळ्या राहतातच. फांद्यांचं पॉलिथीन बाभळीच्या मोळीसारखं, म्हणून हलकं आणि मऊ. त्याची घनता एका घनसेंटिमीटरला सुमारे ०.९२ ग्रॅम आणि ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी असा उत्प्रेरक शोधला, की साध्या दाबातच जवळजवळ बिनफांद्यांच्या सरळ माळा तयार होऊ लागल्या. त्या एकमेकींना लगटून शिस्तीत रचल्या जातात. घनता ०.९५ च्या आसपास जाते, वितळायला १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि वस्तू कडक होते. तेलाचे पांढरे कॅन, रसायनांचे निळे पिंप या जातीचे. पिशव्यांच्या व्यापाऱ्यांकडे ‘एलडी’ आणि ‘एचएम’ हे शब्द ऐकू येतात, तो फरक हाच. हाताला मऊ आणि आवाज न करणारी ती एलडी, पातळ असूनही कुरकुर वाजणारी ती एचएम.

माळा जिथे शिस्तीत रचल्या जातात तिथे इवले स्फटिक तयार होतात, आणि दोन स्फटिकांमध्ये नुसता गुंता राहतो. पट्टी ओढताना जे घडलं ते आता सांगता येईल. आधी गुंता ताणला गेला. मग स्फटिकांची रचना मोडून माळा उलगडल्या आणि ओढीच्या दिशेने सरळ होऊ लागल्या, तो पट्टी सैल पडल्याचा क्षण. सगळ्या एका रेषेत आल्यावर पुढचा जोर थेट माळेवरच, म्हणून ती पुन्हा ताठर झाली. सिमेंटची किंवा खताची विणलेली गोणी बघा. तिच्या पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि विणण्याआधी त्या अशाच मुद्दाम ओढून घेतात. पन्नास किलोची गोणी पाठीवरून फेकली तरी फाटत नाही ती त्यामुळे.

पॉलिप्रॉपिलीन म्हणजे तीच माळ, फक्त एक कार्बन सोडून एकाला छोटा कार्बनी गट चिकटलेला. इटलीत जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये हे सगळे गट माळेच्या एकाच अंगाला येतील अशी युक्ती साधली, तेव्हा कुठे त्या चिकट लगद्याचं १६० अंशांपर्यंत टिकणारं कडक प्लास्टिक झालं. त्सिग्लर आणि नात्ता यांना १९६३ चं नोबेल मिळालं.

तिसरी गोष्ट तापमानाची, आणि इथे सगळ्यांना आलेला एक अनुभव आहे. पाण्याच्या पातळ बाटलीत कोणीतरी उकळतं पाणी ओततो आणि बाटली वेडीवाकडी आकसते. ती वितळलेली नसते. ते प्लास्टिक म्हणजे पेट (PET), आणि त्याला वितळायला अडीचशे अंश लागतात. मग आकसते कशाने? प्रत्येक प्लास्टिकला वितळण्याच्या खाली आणखी एक तापमान असतं. त्याच्याखाली गुंत्यातल्या माळा थिजलेल्या असतात आणि वस्तू काचेसारखी वागते. त्याच्या वर माळांना वळवळायला मोकळीक मिळते. पेटचं हे तापमान सुमारे पंच्याहत्तर अंश. कारखान्यात बाटली बनते ती परीक्षानळीसारख्या जाड नळीपासून. ती तापवून, आतून लांब करून, हवेने फुगवतात आणि झटकन थंड करतात. माळा ताणलेल्या अवस्थेतच थिजतात. उकळतं पाणी पडलं की त्या सुटतात आणि आपल्या मूळ वेटोळ्यात परत जाऊ बघतात. वेटोळं हेच माळेला सोयीचं असतं, कारण सरळ राहण्याचा मार्ग एक आणि वेडंवाकडं पडण्याचे मार्ग असंख्य. रबरबँड याच कारणाने परत येतो. रुंद रबरबँड झटकन ताणून लगेच ओठाला लावा, तो कोमट लागेल. ताणलेला थोडा वेळ धरून सैल सोडा आणि पुन्हा लावा, गार लागेल.

पॉलिस्टायरीनचं हे तापमान शंभर अंश, म्हणून त्याचं स्वच्छ कडक झाकण घरात कायम थिजलेलंच असतं आणि दाबलं की तडकतं. पॉलिप्रॉपिलीनचं शून्याच्या जरा खाली. त्याचा डबा ओट्यावरून पडला तर टणकन उडतो, पण फ्रीझरमधून काढल्या काढल्या हातातून निसटला तर चीर जाते. पॉलिथीनचं उणे शंभराच्याही खाली, म्हणून दुधाची पिशवी बर्फ झाली तरी लवचीक राहते.

पीव्हीसीची कहाणी वेगळी. त्यात वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, आणि क्लोरीनमुळे माळा एकमेकींना घट्ट धरतात. म्हणून नुसतं पीव्हीसी कडक, शेतातल्या पाइपसारखं. पण त्यात तेलासारखा पदार्थ मुरवला की त्याचे लहान रेणू माळांमध्ये शिरून त्यांना सुटं करतात. कणकेला तेलाचा हात लावावा तसं. मग त्याच पीव्हीसीचा रेनकोट होतो, विजेच्या तारेचं आवरण होतं, रेक्झिन होतं, दवाखान्यातली रक्ताची पिशवीसुद्धा होते. हे तेल माळेला जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. वर्षं गेली की ते हळूहळू निघून जातं, आणि जुन्या स्कूटरच्या सीटला भेगा पडतात. पीव्हीसी जाळू नये याचंही कारण तेच क्लोरीन. जळताना हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो आणि छातीत गेला तर आतून भाजतो. शेकोटीत पाइपचे आणि वायरीचे तुकडे टाकणाऱ्यांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

आतापर्यंतची सगळी प्लास्टिकं गुळासारखी. तापवा, वितळतील, साच्यात ओता, थिजतील, पुन्हा वितळवा. दुसरी जात इडलीसारखी. एकदा वाफवली की परत पीठ होत नाही. १९०७ मध्ये लिओ बेकलँड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवलं, ते या जातीचं. त्यात माळांमध्ये आडवे टाके पडतात आणि सगळी वस्तू मिळून जणू एकच अवाढव्य रेणू होतो. कुकरची काळी मूठ आणि जुने गोल स्विच त्याचे. मूठ फार तापली तर करपते, पण वितळून हातावर गळत नाही, म्हणूनच ती मूठ आहे. टायरच्या रबरालाही असेच टाके असतात, गंधकाचे. ती युक्ती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. टाके विरळ, म्हणून रबर ताणलं जातं. दाट झाले की कडकपणा येतो.

माळेचा मोठा शत्रू ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांत कार्बनची पकड सोडवण्याइतकी ताकद असते. माळा तुटत तुटत आखूड होतात आणि चिवट वस्तू मेणाच्या वाटेला लागते. गच्चीवरची बादली दोन उन्हाळ्यांनंतर हात लावताच तुटते ती यामुळे. ठिबक सिंचनाच्या नळ्या आणि गच्चीवरच्या बहुतेक टाक्या काळ्या असण्यामागे हेच आहे. त्यात शेकडा दोन-अडीच भाग बारीक काजळी मिसळलेली असते. ती किरणं शोषून घेते आणि त्यांना माळेपर्यंत पोहोचू देत नाही. जळगावच्या केळीच्या बागेत जमिनीवर उघड्यावर पडलेली नळी वर्षानुवर्षं टिकते ती या काजळीच्या जिवावर.

आणि मग कचरा. कापसाचं धोतर उकिरड्यावर कुजतं, कारण ग्लुकोजच्या दोन कड्यांमधला सांधा उकलणारी विकरं (एन्झाइम) बुरशीकडे आणि जिवाणूंकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत. पॉलिथीनच्या माळेत कार्बनला कार्बन, त्याला पुन्हा कार्बन. सांधा असा कुठे नाहीच, विकराने पकडायचं काय? पेटच्या माळेत ठरावीक अंतरावर सांधे असतात, म्हणून तिथे थोडी आशा आहे. जपानमध्ये साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ पेट खाणारा जिवाणू सापडला, तो २०१६ मध्ये जाहीर झाला. त्याचा वेग मात्र आपल्या बाटल्यांच्या वेगापुढे फार कमी.

उरतो पुनर्वापर, आणि तिथे आपली सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘प्लास्टिक’ हा एकच शब्द. धान्य म्हटल्याने गहू, नाचणी आणि हरभरा एक होत नाहीत. दोन जातींची प्लास्टिकं एकत्र वितळवली तर लांब माळा एकमेकींत मिसळत नाहीत, तेल-पाण्यासारख्या वेगळ्या राहतात, आणि निघालेली वस्तू त्या सीमेवरच तुटते. म्हणून धारावीच्या तेरा कंपाउंड या भंगाराच्या वस्तीत, प्लास्टिक वितळवून त्याचा पुन्हा वापरायचा दाणा बनण्याआधी, सगळा जीव निवडण्यात जातो. एक साधी परीक्षा पाण्याची: पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. बाटली चुरून पाण्यात टाकली की पेट तळाला जातं आणि टोपणाचे तुकडे वर येतात. प्रत्येक वितळवण्यात काही माळा तुटतात, त्यामुळे दाण्याची प्रत घसरत जाते. पेटचा दाणा बहुतेकदा धागा होतो. टेरिकॉटच्या शर्टातलं टेरिलीन आणि पाण्याची बाटली एकच रेणू, तो १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी बनवला होता.

कायदा जाडी बघतो. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनहून पातळ कॅरीबॅग चालत नाही. त्यामागे व्यवहार आहे: जाड पिशवीला वजन असतं, आणि वजन असेल तर कचरा वेचणारी बाई ती उचलते. पण वेफर्सच्या चकचकीत पुड्याला जाडीचा हा नियम लावून फारसं साधत नाही. त्यात एकापेक्षा जास्त थर आणि वर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, ते थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून तो कोणी उचलत नाही. माझ्या मते पिशवीपेक्षा हा पुडा मोठा प्रश्न आहे.

दुधाची पिशवी त्या मानाने गुणी. एकाच कुळीचं पॉलिथीन, भंगारवाला आनंदाने घेतो. अडचण तिच्या कापलेल्या कोपऱ्याची. तो त्रिकोणी तुकडा जेमतेम दहा मिलिग्रॅमचा, उचलायला कोणालाच परवडत नाही, आणि ओट्यावरून मोरीत, मोरीतून गटारात जातो. त्यात चार कोटी अब्जांच्या घरात माळा असतात. कात्री शेवटपर्यंत न नेता कोपरा थोडासा जोडलेला ठेवला, तर तो पिशवीलाच लटकून राहतो आणि तिच्यासोबत दाण्यापर्यंत पोहोचतो.